हळवं, निमगरवं, गरवं

माजिवड्याच्या नाक्यावर सकाळी सातच्या सुमारास उभं राहिलं की पुलावरून नाशिककडे आणि घोडबंदरकडे धावणारं ठाणं दिसतं. पुलाखाली फावडं, घमेलं आणि डब्याची पिशवी घेऊन कामाची वाट बघणारं दुसरं ठाणं असतं. दिवाळी झाली की या दुसऱ्या ठाण्यात माणसं वाढतात. शहापूर, मोखाडा, जव्हारकडची जोडपी येतात. बरोबर एक गोधडी, एक पातेलं, तांदळाचं गाठोडं आणि कडेवर लेकरू. अशी माणसं पूर्वीही यायची. भात झोडून कणगीत भरायचं, देव करायचे आणि मग चार महिने कमाईला बाहेर पडायचं, हा जुनाच क्रम. आता कणगी अर्धीच भरते, म्हणून घरातली जास्त माणसं निघतात आणि लवकर निघतात.

इथून जवळच तीन हात नाका आहे. तिथल्या पुलाखाली २०१६ साली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. त्या पुलाखालची बरीच कुटुंबं मराठवाड्यातल्या दुष्काळाने इकडे ढकललेली. पाऊस न पडल्यामुळे आलेली माणसं एका नाक्यावर आणि भलत्या वेळी पडल्यामुळे आलेली दुसऱ्यावर. मला ही दुसरी माणसं जिथून निघतात तिथे जायचं होतं, म्हणून नाशिककडची एसटी पकडली.

साकेतच्या पुलावर गाडी आली की खाली खाडी दिसते. उल्हास नदी इथे समुद्राच्या भरती-ओहोटीला सामोरी जाते. या खाडीच्या दोन्ही काठांना आगरी-कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या जमिनीत भात पिकवलं. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीच्या वेळी ती उघडून शेतातलं पाणी सोडायचं. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन काढलं की पेरायचं. त्यासाठी बियाणंही खाऱ्या जमिनीत टिकणारं: काळा राता, बुरा राता. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच गरजेतून ‘पनवेल’ नावाच्या जाती काढल्या. समुद्र वर चढण्याची चर्चा आज जगभर चालते. या माणसांनी समुद्राशी शेजार कसा करायचा हे फार आधी शिकून घेतलं होतं. पण तो बांध एकट्याने राखता येत नाही. शेजारच्याने जमीन विकली, त्याच्या हद्दीतला बांध कुणी बघेनासा झाला की एका उधाणात सगळ्यांचं खाचर खारं होतं. पुलावरून दिसणाऱ्या काठावर आता भरावच जास्त आहे.

मानकोली, रांजनोली मागे पडतात. गोदामांची पत्र्याची छपरं संपता संपत नाहीत. पडघ्याला मी उतरले, कारण वीटभट्टी बघितल्याशिवाय पुढचं गाव कळत नाही.

भट्टीचा हंगाम नुकताच सुरू झालेला. माती भिजवून, तूस मिसळून, पायाने तुडवून ठेवलेली. एक कातकरी बाई उकिडवी बसून विटा थापत होती. साच्याला राख लावायची, मातीचा गोळा जोरात आपटायचा, वरची माती हाताने निपटून काढायची, साचा उलटा करून अलगद उचलायचा. वीट जमिनीवर ओळीत राहते. तिच्या कडा कोवळ्या असतात, बोट लागलं तरी खळगा पडतो. दोन-तीन दिवस ऊन खाल्लं की उभी करायची, मग रचायची. नवरा माती वाहत होता. मोठी मुलगी, असेल नऊ-दहा वर्षांची, धाकट्याला खेळवत होती. हजार विटांमागे मजुरी ठरलेली. त्यातून आधी घेतलेली उचल वजा होणार. दर आठवड्याला खर्ची मिळते, हिशोब मेमध्ये.

‘‘पाऊस आला तर?’’ मी विचारलं.

‘‘ताई, मातीची माती होते. पक्की झाली तीच वीट धरतात ना!’’

पूर्वी दिवाळीनंतर पाऊस संपला असं धरूनच हा धंदा चालायचा. आता नोव्हेंबरात, कधी जानेवारीत, कधी मार्चमध्ये सरी येतात. २०२५ साली तर मे महिनाच पावसात गेला. मोसमी पाऊस मुंबईत पोचायची नेहमीची तारीख ११ जून, त्या वर्षी तो २६ मेलाच आला. अवकाळीत भिजलेल्या कच्च्या विटांचं नुकसान मालकाचं असतं असं आपण समजतो. त्या थापायला गेलेले दिवस मात्र थापणाऱ्यांचेच बुडतात. उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या दिवाळीला त्याच भट्टीवर यावं लागतं. शेतावरचा अवकाळी आणि भट्टीवरचा अवकाळी असा एकाच घराला दोनदा लागतो.

वेठबिगारीविरुद्ध जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्यात मोठी झुंज झाली आहे. १९४५ साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांसोबत उठाव केला. १९८० च्या दशकापासून श्रमजीवी संघटना वेठीतली माणसं सोडवत आली आहे. भट्टीवर मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. भट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात तिथेच भोंगाशाळा काढल्या. त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीकडे बघताना मला त्या शाळांची फार आठवण झाली. घराने हवामानाशी जुळवून घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी शाळा सोडायची, आणि ते कुणीतरी कोण हे घरात न बोलताच ठरलेलं असतं.

पडघ्याहून पुढे वाशिंद, आसनगाव, शहापूर. या तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकर येतात. काळा कातळ, वर वीतभर माती, उभा उतार. पडलेलं पाणी ओहोळात, ओहोळातून नदीत आणि नदीतून धरणात जातं. तानसा १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. भातसाही इथेच. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातसेचं. नदीतून ते पिसेला येतं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मोठाल्या जलवाहिन्यांतून शहरात जातं. शहराला पाणी लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या डोंगरावर ते पडतं तिथल्या बाईने एप्रिलमध्ये ओहोळात खणलेल्या डवऱ्यापाशी वाटीने पाणी हंड्यात भरत बसावं, हे मला मान्य होत नाही.

खर्डीच्या पुढे मुख्य रस्ता सोडला आणि एका ठाकूरवाडीत गेले. खळं नुकतंच सारवलेलं होतं. भाताचे भारे रचलेले, एका बाजूला झोडणी चाललेली. घरातले बाबा सत्तरीच्या आसपासचे. शेत एकूण एकराच्या आत, वर डोंगरउताराचा थोडा वनपट्टा. मी विचारलं, भात कोणतं लावता? त्यांनी तीन पोती पुढे ओढली आणि तीन मुठी दाणे जमिनीवर वेगवेगळे ठेवले.

पहिलं हळवं. सुमारे ११० दिवसांत येतं. ते माळावर, उंचावरच्या तुकड्यात, जिथे पाणी ठरत नाही. दुसरं निमगरवं, १२०-१३० दिवसांचं, मधल्या खाचरांत. तिसरं गरवं, १३५ दिवसांच्या पुढे जाणारं, ओहोळाकाठच्या पाणथळ तुकड्यात. पाव एकराच्या तीन ठिकऱ्या आणि तिन्हींत वेगळं बी. दुरून बघणाऱ्याला हे मागासलेपण वाटेल. एकच सुधारित जात सगळीकडे लावली तर उतारा जास्त येईल, असा सल्लाही त्यांना मिळतो. पण बाबांचं गणित वेगळं होतं.

‘‘पाऊस गणपतीनंतर गेला तर गरवं पळींज होतं, हळवं घरात येतं. पाऊस दसऱ्यापर्यंत राहिला तर हळवं आडवं पडतं, शेतातच कोंब फुटतात. मग गरवं वाचवतं. कोणता पाऊस येणार ते मला ठावं नाय. म्हणून तिन्ही ठेवायची.’’

माझ्या सगळ्या प्रवासाचं सार त्या तीन मुठींत होतं. आपण विमा काढतो तसा हा विमा, हप्ता मात्र धान्याचा: चांगल्या वर्षी थोडं कमी पिकवायचं, वाईट वर्षी उपाशी राहायचं नाही.

हे गणित आता अवघड झालं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही. अरबी समुद्र तापतो आहे, त्याच्यावरून येणारे वारे मधूनच प्रचंड बाष्प आणून ओततात आणि मध्ये मोठी उघडीप राहते. बाबांच्या शब्दांत, ‘‘पाऊस तेवढाच, पण रांगेत येत नाय.’’ २००५ च्या २६ जुलैला आणि २०१९ च्या २७ जुलैला उल्हास कशी चढली ते बदलापूर-कल्याणकरांना आठवत असेल. २०१९ चाच ऑक्टोबर भातावर उलटला. कापून ठेवलेल्या भाताचे कडपे शेतात तरंगले. त्या वर्षी हळवंही गेलं, निमगरवंही.

२०२५ च्या मेमधल्या पावसाने आणखी एक गोष्ट बिघडवली, ती म्हणजे राब. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि भाजायचं. तणाचं बी जळतं, राख मिळते, त्यात टाकलेलं रोप जोमाने येतं. रचलेला राब भाजायच्या आधीच भिजला तर पेटत नाही, भाजल्यावर मुसळधार आली तर राख वाहून जाते. अशा वेळी बाबा काय करतात? बी भिजवून, गोणपाटात दाबून, मोड आणून थेट चिखलात फेकतात. या पद्धतीला रहू म्हणतात. लावणीची मजुरीही वाचते, पण तण फार माजतं, म्हणजे बायकांची कंबर दुपटीने वाकते. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या कमी दिवसांच्या जाती या भागात बऱ्याच पोचल्या आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेलं सगुणा भात तंत्रही काही जण करतात: गादीवाफे एकदाच करायचे, नांगरणी-चिखलणी नाही, साच्याने भोकं पाडून बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. पाऊस लांबला तरी चिखलणीसाठी अडून राहावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. तणनाशकाला आणि सुरुवातीच्या वाफ्यांना रोख पैसा लागतो, ही अडचण. ज्याच्या घरात जूनमध्ये दोन हजार रुपये नसतात त्याला नवं तंत्र पटूनही करता येत नाही. ओडिशात पुरात जवळजवळ दोन आठवडे तगणाऱ्या स्वर्णा-सब१ भाताने गरीब शेतकऱ्यांना खरा आधार दिला, कारण तिथे बदलायचं होतं ते फक्त बी. गरिबाला परवडणारा बदल असाच असतो.

नुकसान झालं की पंचनामा होतो. केंद्राच्या आपत्ती निधीचा २०२२ ते २०२६ साठीचा निकष कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपयांचा. २० गुंठ्यांचं भात गेलं तर १,७०० रुपये. राज्य सरकार कधी वाढवून देतं, पण तुकडा लहान असला की वाढवलेली रक्कमही लहानच. जो अर्धेलीने दुसऱ्याचं शेत करतो त्याच्या नावावर तर सातबाराच नाही. पैसे मालकाच्या खात्यात जातात. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा मिळायचा, २०२५ पासून तो बंद झाला. नुकसानीनंतर यंत्रणा धावते ते चांगलंच. पण या घरांना पैसा हवा असतो मे-जूनमध्ये, बी आणि खत घ्यायच्या वेळी. आदिवासी विकास महामंडळाची पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठीची खावटी त्याच ओळखीतून निघाली होती. करोनाच्या काळात कुटुंबामागे ४,००० रुपयांची खावटी मिळाली, निम्मी रोख आणि निम्मी वस्तूंत. ती बाबांच्या सूनबाईला अजून नेमकी आठवते. तेल किती, तूरडाळ किती, सगळं.

वाडीच्या खाली ओहोळावर त्या दिवशी वनराई बंधारा घालायचं काम होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत वाळू-माती. दोघांनी गोणीचं तोंड धरायचं, तिसऱ्याने घमेल्याने भरायचं. बायका सुतळीने तोंड शिवत होत्या, दाभण एकच, ते हातोहात फिरत होतं. पहिला थर ओहोळाच्या आडवा, दुसऱ्या थरातली गोण पहिल्या दोन गोण्यांच्या सांध्यावर. मध्ये चिकणमातीचा लेप. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याएवढं साठलं. एवढ्याशा पाण्याने काय होतं? वरच्या विहिरीची पातळी महिनाभर जास्त टिकते. गुरांना पाणी जवळ मिळतं. काठाला वाल, हरभरा, थोडी भेंडी होते. शहापूर-मुरबाडची भेंडी वाशीच्या बाजारातून परदेशीही जाते, तेव्हा डोक्यावरच्या टोपलीला बाजार नाही असं नाही. पहिल्या मोठ्या पुरात हा बंधारा वाहून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. हे काम रोजगार हमीत धरून, मजुरी वेळेवर देऊन, दर वर्षी दर ओहोळावर का होत नाही? महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशाच्या किती आधी! भट्टीवर निघालेल्या माणसाला थांबवायचं तर नोव्हेंबरात गावात काम हवं आणि त्याचे पैसे पंधरा दिवसांत हातात हवेत. फेब्रुवारीत काम निघालं तर गावात करायला फक्त म्हातारी माणसं उरलेली असतात.

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याकडे निघालं की रस्ता वळणं घेत वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. हा मोखाडा तालुका, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. इथे भातापेक्षा नागली आणि वरईचं राज्य. उभ्या उताराच्या वरकस जमिनीत, जिथे दुसरं काही येत नाही, तिथे नागली येते. पावसाची उघडीप सोसते. कणगीत वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. जुन्या घरांत दोन पावसाळे पुरेल एवढी नागली राखून ठेवायची रीत होती. रेशनचा तांदूळ आला, भूक भागली, हे मोठंच काम झालं. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं गेली, ते ज्याला आठवतं तो रेशनला नावं ठेवणार नाही. पण कणगी मात्र रिकामी होत गेली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरात नाचणीच्या बिस्किटांना भाव आला. तो मोखाड्याच्या बांधापर्यंत अजून नीट पोचायचा आहे.

जव्हार-मोखाड्यात बाएफने वाडी लावायचं काम बरीच वर्षं केलं. एकरभरात आंबा, काजू, कडेने जंगली झाडं, मधल्या जागेत भाजी आणि नागली. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेली ही संस्था. तिच्या कामातून इथल्या शेतकऱ्यांनी भात-नागलीचं गावरान बियाणंही जपलं आहे. आंब्याचा मोहोर ढगाळ हवेने काळा पडतो, तेव्हा वाडीही सगळ्या संकटांतून सोडवत नाही. अलीकडे जव्हार-विक्रमगडच्या बाजूला मोगरा वाढला. झाडं थोडी, पाणी थोडं, आणि कळ्या रोज तोडायच्या, म्हणजे पैसाही थोडा थोडा हातात येत राहतो. दादरच्या फुलबाजारात सकाळी जाणाऱ्या कळ्यांत इथल्या बऱ्याच असतात.

खोडाळ्याजवळ एका पाड्यावर अशी मोगऱ्याची बाग बघितली. घरातली बाई कळ्या तोडायला भल्या पहाटे उठते, कारण उमललेल्या फुलाला भाव नाही. विहिरीत मार्चपर्यंत पाणी राहावं म्हणून वरच्या अंगाला दोन बंधारे घातलेले. नवरा, सासरा, दीर आणि ती, अशी चारही माणसं पूर्वी भिवंडीकडच्या भट्टीवर जायची.

‘‘आता?’’

‘‘आता दीर एकटे जातात. उचल फिटायची आहे अजून. दोन वर्षांत फिटंल.’’ मग तिने आत हाक मारली आणि आठवीतली मुलगी बाहेर आली. मुलगी पाड्यावरच राहते, शाळेत जाते. तिच्या आईने मला बियाण्याचा डबा दाखवला: नागली, वरई, उडीद आणि हळव्या भाताचे दोन प्रकार. पुढच्या वर्षी गरव्याचा एक तुकडा वाढवायचा की नाही, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नव्हतं. तिचं म्हणणं वाढवायचा, कारण गेले दोन दसरे पावसातच गेले.